मिस्टर

चौदा वर्षं फुटबॉल संघाच्या मधल्या फळीत खेळला, तोवर लोरिस क्लबात सगळ्यांचा लोरिसच होता. प्रशिक्षक झाला त्या दिवसापासून मात्र बूट-कपडे सांभाळणारा म्हातारा तार्चिझिओसुद्धा रिवाजाप्रमाणे त्याला 'मिस्टर' म्हणू लागला, अहोजाहो करू लागला.

रविवारी संघ सलग पाचवा सामना हरला. मंगळवारी सकाळी लोरिस सरावाला आला, तर तार्चिझिओ दारातच आडवा उभा.

"लोरिस, बाळा, कॉफी घेतोस?"

"आज एकदम अरेतुरे? सकाळी सकाळीच चढली की काय तुला?" लोरिस हसला. "सरक, पोरं खोळंबली असतील."

तार्चिझिओ सरकला नाही. मान खाली घालून पुटपुटला, "हळू बोल रे. आत मिस्टर बोलतायत."