वेसामेचे कान

म्हातारा वेसामे नावेचा काठ धरून पाण्यात उतरला होता. डोकं बुडवून तो मासे ऐकत होता. त्याचं कामच ते. चाळीस वर्षं तो आधी ऐकायचा आणि मग गावाची जाळी पडायची.

नावेत त्याचा मुलगा सुक्री घड्याळाकडे बघत होता. दुपारी दुरामेकाका नाव विकत घ्यायला येणार होते. नाव विकायची आणि सरहद्दीपलीकडे मलेशियात, मावसभावाच्या खानावळीत भांडी घासायला जायचं, हे ठरलेलं होतं. बापाला शेवटचं एकदा ऐकू दे, म्हणून तो आला होता.

वेसामे वर आला. "आहेत. ढोमे. पुष्कळ." ढोमा मासा पोटातून ठकठक ठोकतो, तेच तो ऐकायचा.

"बाबा, वर्षभर पुष्कळच आहेत. जाळ्यात येतो तो चिखल. तुमच्या कानात वाजतंय ते."

वेसामेने डोकं हलवून कानातलं पाणी झटकलं. खरं तर त्यालाही आता आपल्या कानांचा भरवसा वाटत नव्हता.

नावेच्या टोकाला निवृत्त सार्जंट बुनलुआ बसला होता. लष्कराने मोडीत काढलेले रणगाडे माशांना घर म्हणून इथे बुडवले, त्यांत त्याचाही होता. सतरा वर्षं त्याने तो चालवला, शत्रूवर एकही गोळा न झाडता. रणगाड्यांच्या लोखंडात ट्रॉलरची जाळी फाटायला लागली, तसे ट्रॉलर इकडे फिरकेनासे झाले. त्याच्या रणगाड्याचा पहिला पराक्रम तो हाच. आपला गडी कुठे पडलाय ते बघायला बिचारा उत्तरेकडून एवढ्या लांब आला होता. रणगाड्याच्या इंजिनाने त्याचे दोन्ही कान खाल्ले होते. काही विचारायचं तर खुणांनी विचारावं लागे.

वेसामे नावेत चढला. त्याने वल्हं पाण्यात उभं धरलं आणि वरचं टोक सार्जंटच्या जबड्याला टेकवलं.

"बहिऱ्याला काय ऐकवताय?" सुक्री हसला.

"काय ऐकायचं ते त्याला कुणी सांगितलेलं नाही. तू मध्ये पडू नकोस."

सार्जंटला हे नवं नव्हतं. रणगाड्यातला इंटरकॉम कायम बंद. कमांडर वरून पान्याने पत्र्यावर ठोकायचा आणि खाली याच्या हाडांना ते कळायचं. त्याने डोळे मिटले. बराच वेळ गेला. शेवटी सुक्रीने इंजिनाच्या दोरीला हात घातला.

सार्जंटने हात वर करून त्याला थांबवलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"कुणीतरी ठोकतंय," तो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला. "आतून."

सुक्रीने दोरी सोडली. जवळ येऊन त्याने बोटं नाचवत विचारलं, किती?

सार्जंटने पुन्हा जबडा टेकवला आणि हसला.

"आम्ही चौघंच मावायचो. आता मुंगी शिरायला जागा नाही."

सुक्री बापाकडे बघत राहिला. मग त्याने खिशातून फोन काढला.

"दुरामेकाका, दुपारी याच," तो म्हणाला. "नाव न्यायला नको, जेवायला या. ढोमे आहेत. पुष्कळ."