तिसरे मालक

वृद्धाश्रमाचे तिसरे मालक आले तेव्हा प्रमिलाताईंनी त्यांच्या हारतुऱ्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. पहिल्या बदलात रात्रीची नर्स गेली होती, दुसऱ्यात स्वयंपाकघर बंद होऊन डब्यातलं गारढोण जेवण सुरू झालं होतं. "आता उरलंय तरी काय न्यायला?" आपल्याच खोलीत राहणाऱ्या यमूताईंना त्या म्हणाल्या. यमूताईंना दिसत नसे. प्रमिलाताईंचा हात धरूनच त्या बागेपर्यंत जात.

महिन्याभरातच नवा मॅनेजर खोलीत आला. "आजी, आश्रम बंद होतोय. परवडत नाही हो! इथे टॉवर होणार आहे. आधाराशिवाय चालणाऱ्यांची सोय वाईला केलीय, बाकीच्यांची चाकणला."

"म्हणजे मी वाईला आणि ही चाकणला?"

"तसा नियमच आहे."

प्रमिलाताईंचं डोकंच फिरलं. "जागा विकलीत ती विकलीत, आता आम्हालाही वाटून घेताय?" त्या तरातरा यमूताईंच्या पलंगापाशी गेल्या आणि पाय वर घेऊन बसल्या. "आजपासून मला चालता येत नाही."

"आजी, आत्ता तर चालत गेलात!"

"गेले ना. ते शेवटचं."

त्याने समजावलं, मग आवाज चढवला. प्रमिलाताई हलल्या नाहीत. जेवण, आंघोळ, सगळं आयाबाईंच्या हातून पलंगावरच करून घेऊ लागल्या. शेवटी कंटाळून त्याने हात टेकले आणि चाकणच्या गाडीत दोन व्हीलचेअर चढल्या.

"पाय बरे आहेत ना गं?" यमूताईंनी हळूच विचारलं.

"आखडलेत मेले," प्रमिलाताई करवादल्या. "पोचल्यावर आधी फेरी मारू."