नग एक

"आणि हा मधला रोलर?" शरदचंद्रांनी विचारलं.

"बद्रीनाथ," मशीनवरचा मजूर अप्पाराव म्हणाला.

शरदचंद्र हसले. जालन्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा माणूस. हसण्याआधी जरा थांबायला हवं होतं. १९८९ साल. एमआयडीसीतल्या त्या रोलिंग मिलमध्ये पोलंडचं मशीन होतं आणि त्याचे झिजलेले भाग तिकडून मागवायचे होते. मजुरांनी भाग दाखवायचा, शरदचंद्रांनी त्याचं इंग्रजी नाव सांगायचं, तिकडून आलेल्या इंजिनिअरनं पुढे पोलिश नाव लिहायचं. काम सरळ होतं.

"हसू नका सर. ज्या भागानं माणूस घेतला, त्याला त्या माणसाचं नाव. आमच्यात तसंच हाय. मशीन चालू करताना रोज हाक मारतो, बद्रीनाथ, सांभाळ रे बाबा."

बद्रीनाथ हा अप्पारावचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी याच रोलरनं त्याला आत ओढलं. हजेरीपटावर नाव नव्हतं. मॅनेजरनं कानावर हात ठेवले, "या नावाचा माणूस मिलमध्ये आलाच नाही." तेव्हापासून या दोघा भावांची आई गोजरबाई दर सोमवारी धावडा गावाहून येते आणि गेटवर बसते. पैसा नको म्हणते. पोरगा इथं आल्ता, एवढं लिहून द्या म्हणते.

शरदचंद्रांना स्वतःच्या हसण्याची लाज वाटली. त्यांनी सगळं इंजिनिअरला इंग्रजीत सांगितलं. रोलरला पोलिशमध्ये काय म्हणतात, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? तो अप्पारावकडे बघत राहिला. मग त्यानं मागणीपत्रावर भागाचा नंबर लिहिला आणि नावाच्या जागी, एकेक अक्षर विचारून, बद्रीनाथ लिहिलं.

चार महिन्यांनी पोलंडहून लाकडी पेटी आली. वार सोमवारच होता. पेटीवर जे छापलंय तेच पावतीवर लिहा, त्याशिवाय माल उतरवणार नाही, असं ट्रकवाला अडून बसला. घाईतल्या मॅनेजरनं अक्षरं बघून उतरवली, शिक्का मारला, सही ठोकली. मग त्यानं लिहिलेलं वाचलं. पेन त्याच्या हातातच राहिलं.

पावतीची एक प्रत तोवर अप्पारावनं गेटवर नेली होती.

"काय लिव्हलंय रे?" गोजरबाईनं विचारलं.

अप्पारावनं बोट ठेवून वाचलं, "बद्रीनाथ. नग एक. मिलमध्ये आला. खाली सायबाची सही हाय, माय."