दोन्ही डावे

मॅनेजरने पडद्यावर डाव्या बुटाचा साचा आणला. एक बटण दाबून त्याची नक्कल उभ्या रेषेपलीकडे उलटवली, झाला उजवा. मग दुसरं बटण दाबून तोच उजवा आडव्या रेषेखाली उलटवला. आता एकाचं टोक वर, दुसऱ्याचं खाली, आणि मध्ये जेमतेम बोटभर फट.

"बघ कसे बसवलेत!" तो तपासणी करणाऱ्या बाईला म्हणाला. "कपटासुद्धा वाया जाणार नाही. तुझ्या बापाला जमलं होतं कधी?"

कारखान्यात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. चौकटीच्या कागदावर बिंदू मांडून साचे काढायला तिला बाबांनीच शिकवलं होतं. तिला एका नजरेत कळलं. एकदा उलटवला की डाव्याचा उजवा होतो. दोनदा उलटवला की पुन्हा डावाच, फक्त खाली डोकं वर पाय. प्रत्येक बिंदूच्या दोन आकड्यांपैकी एकाचंच अधिक-उणे चिन्ह बदलायचं, ह्याने दोन्हींचं बदललं होतं. आणि चामड्याला पाठ-पोट असतं, कापलेला तुकडा पालथा घालून चालत नाही.

गेल्या वर्षी ह्याच माणसाने स्वतःची चूक तिच्या बाबांच्या गळ्यात मारली होती. "म्हाताऱ्याला दिसत नाही," असं चाळीस माणसांसमोर म्हणून त्यांना घरी बसवलं होतं.

"साहेब," ती म्हणाली, "कापण्याआधी एकदा बाबांना दाखवू या का?"

कापायच्या यंत्रावरच्या माणसाने चमकून वर पाहिलं.

"त्या आंधळ्याला?" मॅनेजर खो खो हसला. "आण ती तपासणीची वही. तुझी सही नकोच मला, मीच करतो."

तिने वही पुढे केली. पेनाचं टोपणही काढून दिलं.

दुपारपर्यंत तीनशे जोड कापून झाले. मग शिलाईकडून हाक आली, "अहो, उजवे कुठे ठेवलेत?"

मालक स्वतः खाली उतरले. मॅनेजर दोन तुकडे समोरासमोर धरत होता, फिरवत होता, पुन्हा धरत होता. जुळत नव्हते.

"हिनं बघितलं होतं, मालक! ही इथेच उभी होती!"

"होते ना. बाबांना दाखवू या, असंही म्हणाले होते. विचारा यांना."

यंत्रावरच्या माणसाने मान डोलावली. मालकांनी वही उघडली, खालची सही पाहिली आणि मिटली.

"किल्ल्या ठेव टेबलावर," ते मॅनेजरला म्हणाले.

शिलाईची यंत्रं थांबली होती. चाळीस माणसं त्याला दारापर्यंत जाताना बघत होती. फूटपट्टीही बघत होती, अगदी पापणी न हलवता.

संध्याकाळी तिने दोन तुकडे बाबांच्या हातात दिले. त्यांनी कडेवरून अंगठा फिरवला.

"दोन्ही डावे! कुणाचा पराक्रम?"

तिने सांगितलं. उद्या मालकांनी त्यांना बोलावलंय, तेही सांगितलं. बाबांनी दोन्ही तुकडे एकावर एक ठेवून पाहिले.

"तुला सकाळीच दिसलं होतं?"

"दिसलं होतं."

"चामडं कसलं?"

"वासराचं. पहिल्या प्रतीचं."

"अरेरे," बाबा म्हणाले. तुकड्यावरून हात फिरवत पुन्हा म्हणाले, "अरेरे." पण ओठांवरचं हसू काही त्यांना आवरेना.