उजवीकडची पाचर

होडी पुन्हा उजवीकडे कलली.

"थांब, थांब! पडेल!" वडील ओरडले. लेकीने होडी वर ओढणाऱ्या विंचचा दांडा उलटा फिरवला. होडी ट्रेलरवरून मागे सरकत सरकत जुन्या टायरांच्या ढिगावर जाऊन टेकली. सकाळपासून हेच चाललं होतं.

ट्रेलरचं बाकी सगळं झक्क जमलं होतं. जुना, गंजका ट्रेलर स्वस्तात मिळाला म्हणून घेतला, आणि प्रत्येक सुट्टीला लेकीने त्याचा पिच्छा पुरवला. तारेच्या ब्रशने गंज खरवडला, लाल रंग मारला. मागचे दिवे भंगारातल्या टेम्पोचे, टायर कुणाचे तरी उतरवलेले. पुढचा दांडा आखूड पडत होता, तर शेजाऱ्यांचं फाटक मोडलं आणि त्याचा पाइप आयताच पथ्यावर पडला. नवी कोरी घेतली ती फक्त चाकांची बेअरिंग. तिथे हात आखडता घेतला असता, तर चाकाने रस्त्यातच रामराम ठोकला असता.

होडी मात्र घरची होती. वडिलांनी ती तरुणपणी स्वतः बांधली होती. उचलायला दोन धट्टेकट्टे पुरुष लागत. एक वडील, दुसरा त्यांचा धाकटा भाऊ. भावाभावांचं बिनसलं आणि होडी अंगणात पडली ती पडलीच. तेव्हा लेक पाळण्यात होती. पुढे कधी काकाचा विषय निघाला की वडील उठून हात धुवायला जात, हात स्वच्छ असले तरी. मग विषयच निघेनासा झाला. आता गुडघे पुरते जायच्या आत एकदा होडी तळ्यात घालायची, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. ते लेकीने मनावर घेतलं होतं.

"होडीत काही दोष नाही हं," वडील म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

"नाही कसा? डावं पोट भरलेलं, उजवं खपाटीला."

"जरासंच."

आई पायरीवर मटार सोलत बसली होती. ती म्हणाली, "ट्रेलर विकणाऱ्या म्हाताऱ्याने पाचर काढू नकोस म्हणून बजावलंय, असं तूच सांगत होतीस ना? मग काढलीस कशाला?"

लेक थबकली. पाचर ती विसरूनच गेली होती. ट्रेलरवर दोन लांब फळ्या होत्या, होडी त्यांच्यावरच टेकायची. त्यातल्या उजव्या फळीखाली जुन्या मालकाने लाकडाची जाड पाचर ठोकली होती. एक फळी खाली, एक वर. काय आंधळं काम आहे, असं म्हणून लेकीने ती उपटून फेकली होती आणि दोन्ही फळ्या अगदी एका पातळीत आणल्या होत्या.

भंगाराच्या ढिगात पाचर सापडली. लेकीने ती जागेवर ठोकली आणि विंच फिरवला. होडी फळ्यांवर चढली आणि बसली. हलली नाही, की साधी कुरकुरली नाही.

"हे कसं काय?" लेक उकिडवी बसून खाली बघू लागली. तिला चैन पडेना. "त्याने आपली होडी बघितलीसुद्धा नाही!"

होडी घासू नये म्हणून फळीवर जाजम ठोकलेलं होतं, त्याची कड तिने उचकटली. खाली आणखी एक जाजम होतं, झिजलेलं. त्याच्याखाली आणखी जुनं. एक विरलं की त्याच्यावर दुसरं ठोकलेलं.

"म्हणजे त्याचीही होडी अशीच असणार. आणि वर्षानुवर्षं तो ती वापरत असणार. बाबा, अशी वाकडी होडी आणखी कुणी बांधतं?"

वडील खाली वाकून पाचर चाचपत होते. "काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं. "सगळं सांग."

"भला माणूस होता. म्हणाला, पैशांचं मागाहून बघू, आधी होडी कशी आहे ते सांग. मी म्हटलं, आमच्या बाबांनी बांधलीय, उजवीकडे जरा बसकी आहे. मग तो वाकून ती पाचर चाचपत बसला. नंतर म्हणाला, घेऊन जा, द्यायचे ते दे. आणि काय वाटेल ते बदल, तेवढी पाचर काढू नकोस."

"आणि त्याची होडी?"

"होती ना, मागे ताडपत्रीखाली. मी विचारलंसुद्धा, ट्रेलर मला दिलात तर तुमच्या होडीचं काय? तर म्हणाला, माझी थांबेल, बाळ."

आईच्या हातातली शेंग हातातच राहिली. "अहो," ती हळूच म्हणाली, "तुमच्या आणि भाऊजींच्या होडीचा साचा एकच होता ना?"

"साचा एकच. होड्या दोन." वडील म्हणाले. "तो वाकडा कुणी केला यावरूनच तर आमचं बिनसलं."

त्यांचे डोळे भरून आले होते. आता हे हात धुवायला उठणार, असं लेकीला वाटलं. आज तर हात ग्रीसने काळेकुट्ट होते. वडील उठले, पण नळाकडे गेले नाहीत. विंचपाशी जाऊन त्यांनी दांडा उलटा फिरवायला घेतला. होडी मागे सरकू लागली.

"बाबा, अहो काय करताय? आत्ता कुठे बसलीय ती!"

"गाडीला ट्रेलर जोड. रिकामाच."

"आणि आपली होडी?"

"आपली थांबेल," वडील म्हणाले.