चुड्याचा हात

नव्या सुनेला, शिवांगीला, मळ्यातल्या देवीच्या पाया पडायला आणलं होतं. देवी म्हणजे दगडात कोरलेला, चुडा भरलेला एकच हात. सासू कस्तुराबाई मात्र लांब कडुलिंबाखालीच थांबल्या.

"माझं कपाळ पांढरं, मला शिवता येत न्हाई. तू जा. तुझ्यासारखं सौभाग्य दे म्हण."

शिवांगी दगडापाशी गेली. नांदेडला बी.ए.ला कलेचा इतिहास शिकत होती ती; असल्याच हातावर परीक्षेत प्रश्न आला होता. शेवटचं वर्ष पुरं करायचं की नाही, ते सासूच ठरवणार होती.

"म्हण की गं!"

"न्हाई म्हणणार, आत्याबाई. नवऱ्याच्या चितेवर जिवंत जाळलेल्या बाईचा दगड हाय हा."

 कडुलिंबाखालून कस्तुराबाई हळूच बोलल्या,

"तरीच. मी जळले न्हाई, म्हणून मला शिवू देत न्हाईत."