दाराआडचा पापड

"आधी म्हणा, मग कडी काढते." दहा महिन्यांपूर्वी नवरा व्यसनमुक्ती केंद्रातून परतला, तेव्हापासून शालनचा हा नियम. रोज संध्याकाळी बंद दारापलीकडून तो "कच्चा पापड, पक्का पापड" पाचदा घडाघडा म्हणायचा, मगच घरात यायचा. आळी हसायची. हसेना का! दारू प्यायलेल्या जिभेला ते जमत नाही, हे ती बारा वर्षं सोसून शिकली होती.

आज मात्र बाहेरून आलं, "कफ्फा फाफड... फफ्फा..."

शालननं कडीवरचा हात मागे घेतला. "पुन्हा बाटलीला तोंड लावलंत ना? बसा आता, मी चालले माहेरी!" ती पिशवीत साडी कोंबू लागली.

तेवढ्यात खिडकीच्या गजांतून कागदाची पुडी आत पडली. उघडून पाहते तर किडकी दाढ! कागद दातांच्या डॉक्टरचा.

तिनं धाडकन दार उघडलं. इंजेक्शननं अर्धं तोंड बधिर झालेला नवरा गाल धरून उभा होता. त्याला बघून तिला हसू आवरेना, रडूही आवरेना. त्यानं "आता तू म्हण" अशी खूण केली.

"पच्चा काकड, कक्का..."

त्यानं वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. "खलं फांग," तो म्हणाला, "किती घेतलीफ?"